बिनफळाचा वेल

तो वेल मीच उपटला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच दुसऱ्या कुणावर राग धरायला नको. कॉलनीच्या कमिटीनं बरंच काय काय कापलं, उपटलं, जाळलं. पण करटुलीचा तो वेल मी माझ्या हातानं, खालच्या गड्ड्यासकट उपटला आणि सकाळच्या घंटागाडीत टाकला. त्या वेळी माझी बायको आत खाटेवर पडून होती. जिवंत होती.

मी सातवी शिकलेला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझं सगळं आयुष्य फेटलिंगला गेलं. फेटलिंग म्हणजे काय ते सांगतो. साच्यातून कास्टिंग बाहेर पडतं तेव्हा त्याला जादा लोखंड चिकटलेलं असतं. ज्या वाटेनं रस आत गेला त्या वाटेचं शेपूट, सांध्यातून बाहेर आलेली कड, वर उरलेला गोळा. ते सगळं हातोड्यानं तोडायचं, ग्राइंडरनं घासायचं आणि परत भट्टीत टाकायला द्यायचं. कामाचं ठेवायचं, बिनकामाचं तोडायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरच तशी होते. घरात, दारात, रस्त्यावर, कुठंही गेलो तरी मला आधी जादाचं दिसतं.

उचगावच्या अलीकडं आमची कॉलनी. प्लॉट पडले तेव्हा मधोमध एक मोकळी जागा सोडली होती, तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. आमचं दार तिच्यासमोरच. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं तरवड होता, रुई होती, दोन बोरी होत्या आणि पावसाळ्यात गुडघाभर आघाडा आणि तेरडा. गौरीला लागणारा तेरडा बायका तिथूनच आणायच्या, विकत आणायची गोष्टच नव्हती. तरवड फुलला की भुंग्यांचा आवाज दारात ऐकू यायचा. सापही निघायचे. खोटं कशाला सांगू, सापांचं मला भ्या वाटायचं, आणि ती जागा साफ व्हावी असं मीसुद्धा मीटिंगमध्ये बोललोय.

करटुली बायकोनं लावली. तिचं माहेर गगनबावड्याच्या बाजूला, डोंगरात. एकदा माहेरहून येताना चार गड्डे पिशवीत घालून आणले आणि ओपन स्पेसच्या तारेच्या कंपाऊंडला लावले. दोन कुजले, दोन जगले. करटुलं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. लिंबाएवढं हिरवं फळ, अंगभर मऊ काटे, कारल्याच्या जातीचं पण कडू नाही. चिरून, कांदा घालून तव्यावर परतली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पावसाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत एवढी लागायची की शेजारीपाजारी वाट्या जायच्या.

दोन वेलांतला एक फळायचा, दुसरा नुसता फुलायचा. मला ते दिसत होतं. दुसरा कशाला ठेवलाय, हे विचारायचं मनात यायचं आणि राहून जायचं.

मग ओपन स्पेसचं सुशोभीकरण झालं. तरवड, रुई, बोरी जेसीबीनं काढल्या. लॉन आला, चालायला फरशीचा ट्रॅक आला, कडेनं कुठल्या तरी परदेशी झुडपांची रांग आली. पानं चकचकीत, बारा महिने हिरवी. त्यांच्यावर मी कधी मधमाशी बसलेली बघितली नाही. आमच्याकडच्या किड्यांना ती झाडं ओळखीची नसतील. मधे उंच खांबावर मोठा दिवा लागला. उजेड असा की दारात बसून तांदूळ निवडावेत. दिवे लागले की रात्रीची सगळी पाखरं, पतंग, त्या खांबाकडं. सकाळी खांबाखाली पंखांचा कचरा पडलेला असायचा, झाडूवाली बाई सुपलीनं भरायची. डासांसाठी धूर मारायची गाडी यायला लागली.

मी खूश होतो. ट्रॅकवर चालायचो.

त्या साली करटुली कमी लागली, पुढच्या साली आणखी कमी. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बायकोला एक सवय लागली. रोज देवापुढं दिवा लावून झाला की चपला घालायची. "जरा जाऊन येतो," म्हणायची. त्यांच्याकडच्या बायका येते-जाते म्हणत नाहीत, येतो-जातो म्हणतात. पाच-दहा मिनिटांत परत यायची. बोटाला पिवळं लागलेलं असायचं, ते पदराला पुसायची. मला वाटायचं हळद असेल. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही विचारलं नाही की कुठं जाऊन येतेस. आणि त्या साली करटुली परत चांगली लागली, ती कशी लागली तेही विचारलं नाही. खाल्ली.

पुढं तिला पोटाचा आजार निघाला. मृगाच्या आसपास डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, खायचं ते खाऊ द्या. समजलो. खाट पुढच्या खोलीत खिडकीजवळ टाकली. तिच्याजवळ बसवत नव्हतं. बसलो की ती माझ्याकडं बघायची आणि मला काय बोलावं कळायचं नाही. म्हणून मी बाहेर कामं काढायचो. कमिटीनं नोटीस लावली होती की ज्यानं त्यानं आपल्या दारासमोरचं कंपाऊंड साफ ठेवावं. आखाडात एका सकाळी मी खुरपं घेऊन गेलो. दोन्ही वेल तारेवर चढलेले होते. एकाच्या प्रत्येक फुलाखाली मुगाएवढं काटेरी फळ दिसत होतं. दुसऱ्याला लांब देठावर नुसतं पिवळं फूल. त्याच्या खाली काही नाही. तो मी उपटला. गड्डा चांगला रताळ्याएवढा होता, उकरायला अर्धा तास गेला. घाम आला, बरं वाटलं.

आत येऊन तिला सांगितलं, "कंपाऊंडचं जंगल साफ केलं बग."

"वेल?"

"एक ठेवलाय. एक काढला. नुसता फुलत हुता, फळाचं नाव न्हाई. फुकटखाऊ."

तिनं वरच्या पंख्याकडं बघितलं. मग हसली. हसलं की पोटात दुखायचं, म्हणून पोटावर हात ठेवून हसली.

"काय झालं?"

"काय न्हाई. ऱ्हाऊ द्या."

घंटागाडी तेव्हा निघून गेली होती. तिला ती घंटा आतून ऐकू गेली असणार.

श्रावणात तिला करटुली खावीशी वाटली. काही पोटात राहत नव्हतं, पण तोंडाला चव पाहिजे होती. मी कंपाऊंडकडं गेलो तर वेलावर एकही फळ नाही. फुलाखालची ती मुगाएवढी फळं पिवळी पडून खाली गळलेली, मुंग्या लागलेल्या. पाणी जास्त झालं असेल म्हणालो. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून पाव किलो आणली, सुनेकडून परतून घेतली आणि बायकोला सांगितलं की आपल्याच वेलाची आहे.

तिनं दोन फोडी खाल्ल्या. "चांगली हाय. बाजारातली असली म्हणून काय झालं."

"बाजारातली कुठली? आपली हाय."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "आपलीच."

तिला कसं कळलं, ते मला तेव्हा कळलं नाही. ती दिवाळीच्या आधी गेली. पोरानं आकाशकंदील आणून ठेवला होता, तो तसाच कपाटावर राहिला.

नवरा मागं ठेवून जी बाई जाते, तिचं पान पितृपक्षातल्या नवमीला वाढतात. अविधवा नवमी. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, ओटी भरायची, गेलेलीला आवडायचं ते रांधायचं. नवरा गेला की ते पान बंद होतं. म्हणजे मी आहे तोवर तिचं जेवण आहे. हे मला भटजीनं सांगितलं तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट ठरवली. पहिल्या नवमीला तिच्या ताटात तिच्याच वेलाचं करटुलं असणार. एक असलं तरी चालेल. बाजारातलं आणून परत एकदा तिला खोटं सांगणार नाही.

या साली मृगात वेल जमिनीतून वर आला. मी तारेला सुतळी बांधून दिली. आखाडात फुलायला लागला. रोज बघायला जायचो. फूल उमलायचं, खाली काटेरी बाळ, चौथ्या दिवशी ते पिवळं, पाचव्या दिवशी गळालेलं. शेणखत घातलं. राख घातली. तरी तेच. शेवटी बाजारात गेलो. तिथं पावसाळ्यात बावड्याकडची एक म्हातारी बाई रानभाज्या घेऊन बसते. बुधवारी आणि रविवारी, पहिल्या एसटीनं येते. गेल्या साली तिच्याकडूनच करटुली नेली होती.

"आक्का, वेल फुलतोय पण फळ गळतंय. खत काय घालू?"

"जोडीचा वेल हाय न्हवं?"

"कसली जोडी?"

तिनं तराजू खाली ठेवला. "पावणं, करटुलीत नर-मादी असतंय की. फुलाखाली फळ दिसतंय ती मादी. लांब देठावर नुसतं फूल येतंय त्यो नर. नराची पूड मादीला लागल्याबिगार फळ कसं धरंल? पाखरू आणतंय ती पूड. पाखरू नसलं तर बाईमाणूस जाऊन हातानं लावतंय. दिवं लागायच्या वक्ताला, फूल उमललं की. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आन् मादीच्या फुलात हळू टेकवायचं. बोटं पिवळी हुत्यात."

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "आण्णा, घेणार हाईसा का बाजूला हुतासा?" मी बाजूला झालो. पोत्यावर बसलो. ती गिऱ्हाईक करत राहिली. गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "नराचा वेल मिळंल काय कुठं?"

"बायका नवरा शोधत येत्यात बाजारात," ती म्हणाली, "नर मागायला आल्यालं तुमीच पयलं पावणं."

"आमचा मीच उपटला."

ती हसायची थांबली. "उपटत्यात माणसं. आमच्यात बी नवी सून आली की पयल्या साली एक नर उपटतीच. सासू शिव्या घालती आन् दुसरा लावती."

"मला शिव्या बी घातल्या न्हाईत," मी म्हणालो.

नराचा गड्डा आता देता येत नाही म्हणाली. फुलात असताना उकरला तर मरतो. आणि उन्हाळ्यात वेल वाळल्यावर नर कुठला, मादी कुठली, गड्ड्यावर काही लिहिलेलं नसतं. खूण करून ठेव म्हणालो, तर म्हणाली, "ठेवली असती. पर माजी ही शेवटची साल हाय. गुडघं गेलं. पोरगं म्हणतंय, बास कर आता." मी स्वतः डोंगरात जाईन म्हणण्याची सोय नाही. फाउंड्रीची धूळ छातीत बसलेली आहे, घरचा जिना चढताना दोनदा थांबतो.

मला वाटलं, एवढं मोठं कोल्हापूर, कुठंतरी एक नर असेलच. पोराच्या मागं गाडीवर बसून हिंडलो. रंकाळ्याच्या कडेनं बघितलं, टेंबलाईच्या टेकडीवर बघितलं, नदीच्या घाटावर बघितलं. जिथं तिथं लॉन, फरशी, तीच चकचकीत झुडपं, बसायला सिमेंटचे बाक. एका बागेत माळी पाणी मारत होता. त्याला विचारलं.

"करटुली? इथं?" तो म्हणाला. "आण्णा, यादीतल्या झाडाबिगर दुसरं काय उगवलं तर मलाच बोलणी बसत्यात."

"तरवड तरी हाय काय कुठं?"

"तरवड म्हंजे?"

पंचविशीचा असेल. त्याचा काय दोष. तो बागेत वाढलेला माळी.

परत बाजारात गेलो. आक्का म्हणाली, त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या नराच्या कळ्या सकाळी तोडून आणतो, घरी पाण्यात ठेवा, उमलल्या तर नशीब. पहिल्यांदा प्लास्टिकच्या पिशवीत आणल्या, एसटीत गरमीनं काळ्या पडल्या. दुसऱ्यांदा ओल्या फडक्यात, वर पळसाचं पान गुंडाळून आणल्या. पाच कळ्या होत्या. मी त्या स्टीलच्या वाटीत पाणी घालून देवाजवळ ठेवल्या आणि दिवसभर बघत बसलो. संध्याकाळी एक उमलली.

ती घेऊन कंपाऊंडकडं गेलो. मादीची तीन फुलं उघडली होती, वास येत होता, मंद, दुधासारखा. माझी बोटं लोखंड धरून धरून जाड झालेली. पाकळ्या मागं सारताना फूलच फाटलं. राहिलेलं तिन्ही फुलांना टेकवलं. ट्रॅकवरून माझ्याच वयाचा एक शेजारी चालला होता, रोज भेटतो. थांबला.

"काय चाललंय आण्णा? फुलाशी बोलतासा व्हय?"

"लगीन लावतोय."

"ह्या वयात?"

"तुजं लावू काय?"

तो हसत पुढं गेला. मी तसाच उभा होतो तेव्हा एक पाखरू आलं. करड्या रंगाचं, जाड अंगाचं. मादीच्या फुलापुढं हवेत थांबलं, सोंड आत घातली, दुसऱ्या फुलाकडं गेलं, तिसऱ्याकडं गेलं. आणायला त्याच्याजवळ काही नव्हतं. नर कुठं आहे त्यानं आणायला. मग खांबावरचा दिवा पेटला आणि ते वर गेलं.

तिन्ही फळं पाचव्या दिवशी गळाली.

तिसऱ्या खेपेला आक्कानं बाराएक कळ्या आणल्या, त्यातल्या चार उमलल्या. या वेळी सुनेकडून कापूस घेतला, बोटं लावलीच नाहीत. मादीची सात फुलं होती, सातही केली. करताना मला सारखं दिसत होतं की इथंच, याच तारेजवळ ती उभी राहायची. गुडघ्यात जरा वाकून. माझं घर वीस पावलांवर, मी आत टीव्ही बघत. जोडीचा वेल दोन हातांवर असताना ती रोज हे काम करत होती, कारण पाखरं दिव्यानं नेली होती. ती त्यांच्या जागी उभी राहिली आणि मी तिचा नर उपटून टाकला. आणि ती हसली.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. सहा फळं पिवळी झाली, एक हिरवं राहिलं. आठव्या दिवशी ते बोरापेक्षा मोठं झालं. एका अंगानं वाकडं होतं, पूड नीट लागली नसणार. मी त्याला कांद्याची जाळी बांधली, कुणी तोडू नये म्हणून. घरात सगळ्यांना माहीत झालं की मामांचं एक करटुलं धरलंय. सून मला मामा म्हणते. गणपतीत ओपन स्पेसमध्ये मांडव पडला, तेव्हा मी खुर्ची टाकून कंपाऊंडजवळ बसायचो. लोकांना वाटलं, म्हातारा आरतीला येतोय.

नवमीच्या आधीच्या रविवारी बाजारात गेलो. आक्काचा तो शेवटचा बाजार.

"धरलं काय?"

"एक."

"एकच? मग खाऊ नगा ते. पिकू द्या. लाल झालं की आपसूक फुटतंय, आत बी असतंय. त्यातनं नर बी निघंल, मादी बी निघंल."

"नवमीला तिचं पान हाय. तिच्या ताटात घालायचं हाय मला."

तिनं माझ्या पिशवीत पाव किलो करटुली टाकली, पैसे घेतले नाहीत. मग म्हणाली, "तिला करटुलं पायजे का वेल पायजे, ते तुमास्नी ठावं. तिच्यासंगं इतकी वरसं तुमी ऱ्हायलासा."

हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. मी तीन दिवस विचार करत होतो. एकदा वाटायचं, पान महत्त्वाचं, मी कबूल केलंय. एकदा वाटायचं, पान काय, एका दिवसात संपतं. नवमीच्या आदल्या संध्याकाळी मी जाळी सोडून फळ हातात धरून बघितलं. काटे मऊ होते. पोटात दाणे असतील-नसतील, बाहेरून कळत नाही. कास्टिंग निदान ठोकून बघता येतं, आत पोकळ असलं की आवाज बद्द येतो. हे कसं ठोकणार. शेवटी जाळी परत बांधली. पिकू दे म्हणालो. ताटात बाजारातली घालू आणि तिला खरं सांगू, की ही बाजारातली आहे, तुझं वेलावर ठेवलंय.

घरी आलो. सून स्वयंपाकघरात उद्याची भाजी निवडत बसली होती. दोन पावलांवर. तिला एवढं सांगायचं होतं की ते करटुलं काढू नकोस. पण मी आयुष्यात घरात कुणाला काय मनात आहे ते सांगितलंय कधी? जेवलो आणि झोपलो.

सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर घरभर फोडणीचा वास. सून ओल्या केसांची, जरीच्या साडीत, पदर खोचून.

"मामा, तुमचं करटुलं आणलं मी," ती म्हणाली. "सहालाच जाऊन आले. आजच्या दिवशी कुणी नेलं बिलं असतं म्हणजे?"

"कुठं हाय?"

"घातलं की भाजीत. एकट्याचं काय होणार, म्हणून त्या पाव किलोत मिसळलं. आईंच्या ताटात आपलं पडलं म्हणजे झालं."

मी तव्यात बघितलं. सगळ्या फोडी सारख्या, कडेनं लालसर झालेल्या, कांद्यात माखलेल्या.

"बी?" मी म्हणालो.

"कसली बी? कवळंच होतं. चिरलं सगळं. करटुलीच्या बिया काढत्यात व्हय?"

तिच्या तोंडाकडं बघितलं. पहाटे उठून, सगळ्यांच्या आधी, माझ्यासाठी चिखलातून जाऊन ती ते घेऊन आली होती. पायाला अजून चिखल होता. सासऱ्याच्या मनातलं आपण ओळखलं, हा आनंद तिच्या तोंडावर होता.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"काय ऱ्हाऊ दे?"

"काय न्हाई. चांगलं केलंस पोरी."

फोटोपुढं ताट ठेवलं. मी फोडी बघत होतो, वाकड्या अंगाची एखादी ओळखू येते का. आली नाही. हात जोडले, पण काय सांगायचं ठरवलं होतं ते सांगताच येईना. बाजारातली आहे म्हणावं तर तुझीही त्यात आहे. तुझी आहे म्हणावं तर कुठली. मी काहीच बोललो नाही. ती असतानाही बोलत नव्हतो, तेव्हा तिला नवल वाटलं नसेल. शेजारची सवाष्ण जेवायला आली होती. तिनं भाजी दोनदा मागून घेतली आणि म्हणाली, "बाजारची वाटत न्हाई, वैनी."

संध्याकाळी सुनेनं देवापुढं दिवा लावला. मी चपला घालून कंपाऊंडकडं गेलो. कांद्याची जाळी तारेला अडकलेली होती, देठ विळीनं नीट कापला होता. वेलाला चार नवी फुलं आली होती, चारही मादीची, चारही उघडलेली. आक्का आता येणार नाही. दिवाळीनंतर इथली तार काढून भिंत घालणार आहेत, मीटिंगमध्ये ठरलंय. पोरगा म्हणतो गड्डा उकरून कुंडीत लावू. लावू की. कुंडीतही फुलेल तो.

खांबावरचा दिवा पेटला. मी जाळी सोडवून खिशात घातली आणि घरी आलो.